चांद कुणी पाहिला?

मदिनेला शेख अहमद नावाचे एक गृहस्थ गेली निदान एकशे चाळीस वर्षं झोपलेले आहेत. अधूनमधून त्यांना स्वप्न पडतं आणि स्वप्न दर खेपेला तेच असतं. पैगंबरसाहेब येतात, उम्मतीचं, म्हणजे मुसलमान समाजाचं, वागणं बिघडल्याबद्दल नाराजी बोलून दाखवतात, कयामत जवळ आल्याचा इशारा देतात. शेख अहमद दचकून उठतात आणि पत्र लिहायला बसतात. पत्राच्या शेवटी हिशेबाचा भाग येतो. अमक्यानं या पत्राच्या नकला काढून वाटल्या, त्याला धंद्यात बरकत आली. तमक्यानं खोटं म्हणून फाडलं, त्याचा मुलगा दगावला. आता तुमचं तुम्ही बघा.

१८८०च्या दशकात स्नूक हुरग्रोन्ये या डच अभ्यासकानं या पत्राची दखल घेतली होती. पुढे सौदी अरेबियाचे मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, शेख इब्न बाज यांनी ते बनावट असल्याचं जाहीरपणे लिहिलं. शेख अहमद यांच्या झोपेत त्यानं काडीचा फरक पडला नाही. मी शाळेत असताना ते आमच्या खाडीकाठच्या गावात पोस्टकार्डावरून यायचे. शेजारच्या काकूंकडे त्याच सुमाराला संतोषी मातेचं पत्र यायचं. पोस्टमन एकच, धमकीही जवळजवळ एकच, वरचं नाव तेवढं वेगळं. आमची फुफी, म्हणजे आत्या, आणि काकू गडग्याच्या अल्याडपल्याड उभ्या राहून कुणाला किती नकला काढायच्या आहेत याचा अंदाज घ्यायच्या. काकूंना अकरा, फुफीला चाळीस. ‘‘तुमचं बरं आहे, अकरात सुटता,’’ फुफी म्हणायची. मग दोघी मिळून मला कामाला लावायच्या. दोन्ही धर्मांची पत्रं मी सारख्याच गिचमिड अक्षरात नकललेली आहेत.

आता शेख अहमद व्हॉट्सॲपवर आले आहेत. पोस्टाचा खर्च वाचला, शिवाय सोबत मदिनेच्या हिरव्या घुमटाचा फोटोही मिळतो. मधे एकदा त्यांची पंचाईत झाली होती. अफवांनी माणसं मरायला लागली, तेव्हा २०१८ साली व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. शेख अहमद यांना तर चाळीस हवेत. फुफीनं आठ पंचे चाळीस असा मार्ग काढला.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव आहे, मुंब्रा आहे, पुणं आहे, कुवेत आणि दुबई तर आहेतच, लेस्टर आहे, केपटाऊनही आहे. कोकणी मुसलमानांचं एक पाऊल पूर्वीपासून बोटीत असतं, त्यामुळे यात नवल काही नाही. शुक्रवारी पहाटेपासून ‘जुम्मा मुबारक’चे गुलाब उमलायला लागतात. जुन्या पिढीची मराठी देवनागरीत येते, पोरांची उर्दू रोमन लिपीत येते, आणि अरबी दुआ चित्र होऊन येते, कारण ती टाइप करणं कुणालाच जमत नाही. या ग्रुपवर कुणी काय पाठवावं याला नियम नाही. एका चुलतभावानं एकदा नील आर्मस्ट्राँग पाठवला. चंद्रावर उतरल्यावर आर्मस्ट्राँगला एक गूढ आवाज ऐकू आला, काही वर्षांनी कैरोत तोच आवाज कानी पडला, चौकशी केली तर ती अजान निघाली आणि त्यानं इस्लाम स्वीकारला, अशी ती कथा. ही कथाही पोस्टकार्डाच्या काळातली. १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना कळवावं लागलं होतं, की आर्मस्ट्राँग मुसलमान झालेला नाही आणि इस्लामविषयी त्याच्या मनात अनादरही नाही. चंद्रावर हवा नाही, हवा नाही म्हणून आवाज नाही, हे आठवीतल्या भाचीनं ग्रुपवर लिहिलं. त्यावर चुलतभावानं उत्तर दिलं, ‘‘अल्लानं ठरवलं तर हवेची काय गरज?’’ भाचीनं पुढे एवढंच विचारलं, ‘‘मामू, तुम्हाला हे कुणी सांगितलं?’’

हा प्रश्न आपण किती मोठा विचारतोय याची तिला कल्पना नव्हती. आमच्याकडे हदीसचं अख्खं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. पैगंबरांचं एखादं वचन सांगितलं जातं तेव्हा ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी आधी द्यावी लागते. साखळीतला एक माणूस विसराळू निघाला, एकाचं दुसऱ्याशी भेटणंच शक्य नव्हतं असं दिसलं, तर ती साखळी कच्ची ठरते. इमाम बुखारी हे ९व्या शतकातले हदीसचे संग्राहक. बुखाऱ्याहून निघून मक्का, मदिना, बगदाद, बसरा असे गावोगाव हिंडले. परंपरा सांगते की सहा लाख रिवायती त्यांनी पारखल्या आणि पुनरुक्ती धरून सात हजारांच्या आसपास ठेवल्या. नुसत्या मजकुरावर त्यांनी मान डोलावली नाही, सांगणाऱ्या माणसांची चरित्रं तपासली. आणि त्याच उम्मतीचा एक घटक असलेला माझा चुलतभाऊ कुवेतमध्ये बसून, वर ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ असा शिक्का असलेला संदेश पाठवतो. तो शिक्का इशारा म्हणून असतो. चुलतभाऊ त्याला दाखला समजतो. इतक्या लोकांनी पाठवलंय म्हणजे काहीतरी असेलच ना!

चंद्राच्या बाबतीत मात्र आम्ही आजही बुखारींच्या वळणाचे आहोत. इस्लामी महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर नवा महिना, ढग असतील तर तीस पुरे करायचे. वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे रमजान दर साली दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. मे महिन्यातला रोजा आणि डिसेंबरातला रोजा दोन्ही ज्याच्या वाट्याला येतात त्याला अल्लानं सारखं तोलल्याची खात्री पटते. एकोणतिसाव्या रोज्याला कुणी चांद पाहिल्याचं म्हणालं, की काझी त्याची उलटतपासणी घेतात. कोर सूर्यास्ताच्या उजवीकडे होती की डावीकडे? टोकं कुठे वळली होती? किती वेळ दिसली? अंदाजपंचे उत्तर देणारा परत पाठवला जातो.

वास्तविक या तपासणीची गरज उरलेली नाही. पुढच्या शंभर वर्षांची कोर कुठल्या संध्याकाळी कुठून दिसू शकेल हे फोन सांगतो. अमावास्येचा क्षण उलटून साधारण पंधरा तास झाले नसतील तर नुसत्या डोळ्यांना ती दिसणं जवळजवळ अशक्यच, हेही तो सांगतो. बगदादचा गणिती ख्वारिज्मी यानं ९व्या शतकातच चंद्रदर्शनाची कोष्टकं केली होती, तेव्हा गणिताशी आमचं वाकडं होतं असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, कौन्सिलनं २००६ साली गणितावरच भिस्त ठेवायचं ठरवलं. पाकिस्तानात २०१९ साली तेव्हाचे विज्ञानमंत्री फवाद चौधरी यांनी पाच वर्षांचं चांद्र कॅलेंडर काढलं, वेबसाइट आणि ॲप काढलं, आणि आता भांडण मिटलं असं जाहीर केलं. चांद कमिटीचे प्रमुख मुफ्ती मुनीबुर्रहमान यांना ते रुचलं नाही. त्या वर्षी कमिटीची ईद आणि मंत्र्यांच्या ॲपची ईद दोन्ही ५ जूनला आल्या. पण पेशावरच्या कासिम अली खान मशिदीतले मुफ्ती पोपलझई यांच्याकडे चांद दिसल्याच्या साक्षी आल्या आणि तिथे ४ जूनलाच ईद झाली. प्रांताचं सरकारही त्यांच्यामागे गेलं. ॲपनं गणित चोख केलं होतं, पण साक्षीला आलेल्या माणसांना खोटं कसं म्हणायचं, हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता.

आमच्या ग्रुपवर तर ईदच्या आधीच्या दोन दिवसांत जगाचा नकाशा उलगडतो. कुवेत बहुतेक वेळा सौदीबरोबर जातं, त्यामुळे आमच्या अठ्ठाविसाव्या रोज्याच्या रात्रीच तिथून ‘चांद मुबारक’ येतं. लेस्टरच्या आकाशात चंद्र दिसण्याचा योग कमी, म्हणून तिथले काही लोक सौदीकडे बघतात, काही मोरोक्कोकडे, आणि एकाच गल्लीत दोन ईदी होतात. केपटाऊनवाले कडवे. तिथे थ्री अँकर बेच्या किनाऱ्यावर माणसं प्रत्यक्ष उभी राहून डोळ्यांनी चांद बघतात, आणि या कामाला नेमलेली जाणती मंडळी आहेत. आमच्या एकोणतिसाव्या रोज्याला भर दुपारी, जिभेला कोरड पडलेली असताना, कुवेतहून शीरखुर्म्याचा फोटो येतो. वर चारोळ्या. फुफीनं या फोटोवर बंदी घातली आहे. बंदी कुणी पाळत नाही. मग मगरिबनंतर, सूर्य मावळल्यावर, सगळे गच्चीवर, बंदरावर, पुलावर. मुंबईच्या हिलाल कमिटीचं काय? अमुक गावात दिसला म्हणे. कुणाला दिसला? त्याच्या साडूला. शिंप्याला चांद आज दिसायला नको असतो कारण चार सलवार-कमीज अजून व्हायचे आहेत. कसायाला आज हवा असतो कारण माल येऊन पडलाय. फोनमुळे ही संध्याकाळ संपेल असं मला वाटायचं. उलट ती आता केपटाऊनपर्यंत लांबली आहे, आणि मला ती अशीच आवडते. ईदची तारीख वर्षभर आधी नक्की कळली तर रेल्वेचं आरक्षण वेळेवर होईल, याखेरीज त्यात फायदा दिसत नाही.

आमच्या आळीत चंद्राचं आणखी एक प्रकरण आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला काकू चंद्र दिसू नये म्हणून खाली मान घालून चालतात. त्या रात्री चंद्र पाहिला की खोटा आळ येतो. साक्षात कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला, तिथे आपली काय कथा? एकाच गडग्याच्या एका बाजूला चंद्र बघण्यासाठी धडपड आणि दुसऱ्या बाजूला तो टाळण्यासाठी, हे मी लहानपणापासून बघत आलो.

२०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाची टाळेबंदी होती, तेव्हा असा आळ आमच्यावरही आला. दिल्लीच्या निजामुद्दीनला तबलिगी जमातीचा मेळावा झाला होता, साथीच्या दिवसांत असा मेळावा व्हायला नको होता, याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. पण मग व्हिडिओ यायला लागले. फळांना थुंकी लावणारा विक्रेता, भांडी चाटणारी माणसं. बरेचसे जुने, भलत्याच ठिकाणचे, भलत्याच प्रसंगाचे. आमचा भाजीवाला, ज्याला मी कधीही वेळेवर आलेला पाहिलेला नाही, तो त्या आठवड्यात यायचाच बंद झाला. कारण लोक आधी त्याचं नाव विचारू लागले होते. जो येईल तो म्हणायचा, ‘मी स्वतः पाहिलंय.’ पाहिलं होतं हे खरंच. फोनमध्ये पाहिलं होतं. काझींच्या समोर अशी साक्ष तीन प्रश्नांत गळून पडली असती. कुठे पाहिलंत? कधीचं? तुम्ही तिथे होतात? ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. ते निकालपत्र मात्र कुठल्याच ग्रुपवर कुणी चाळीस जणांना पाठवलं नाही.

त्या एप्रिलात काकूंचा फुफीला फोन आला. ‘‘काय हो, मागच्या चतुर्थीला चुकून वर बघितलंत की काय?’’ या आळावर उतारा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकायची असते. काकूंनी ती तिला फोनवरच ऐकवली, सत्राजित, प्रसेन, सिंह, जांबवंत, सगळं. फुफीनं निवांत ऐकून घेतली आणि नंतर मला म्हणाली, ‘‘मणी हरवला दुसऱ्याच्या भावाकडून, आणि रानोमाळ हिंडून शोधायचा कृष्णानं. हे आपलंच दिसतंय.’’

फुफीला नवीन गोष्टींचा राग नाही. नमाजच्या वेळांचं ॲप मी तिला घालून दिलं तेव्हा तिनं ते कौतुकानं घेतलं. तिसऱ्या दिवशी तक्रार आली, की हे यंत्र असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज तासभर उशिरा सांगतं. यंत्र हनफी पंथाचं होतं. आम्ही कोकणी शाफई. वस्तूची सावली, दुपारची मुळातली सोडून, वस्तूइतकी झाली की आमची असर सुरू होते, हनफींची दुप्पट झाल्यावर. सेटिंगमध्ये जाऊन मी फोन शाफई केला. शेकडो वर्षांच्या फिक्हच्या वादाला तिथे एका टिचकीची जागा ठेवलेली आहे, हे बघून मला फार बरं वाटलं. तसं हे ॲप नवं नाहीच. जुन्या मोठ्या मशिदींत वेळ काढण्यासाठी ज्योतिर्विद नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत १४व्या शतकात इब्न शातिर हे काम करायचा. १३७१ साली त्यानं तिथल्या मिनारावर बसवलेलं सूर्यघड्याळ नावाजलेलं आहे. त्याला चार्जर लागत नसे.

किबल्याचं, म्हणजे काबाची दिशा दाखवणारं, होकायंत्र मात्र फुफीला पटलं नाही. लोखंडी कपाटाजवळ गेलं की ते मक्का कोयनेच्या बाजूला दाखवायचं. तिची स्वतःची रीत आहे आणि ती शंभर टक्के शास्त्रीय आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर येतो, २८ मे आणि १६ जुलैच्या आसपास. त्या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसत असेल तिथे सूर्याकडे तोंड केलं की किबला. नसीरुद्दीन तूसीनं १३व्या शतकात ही युक्ती लिहून ठेवली आहे. आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात, जुलैत २ वाजून ५७. फुफी मेमध्ये अंगणात काठी रोवते आणि सावलीच्या उलट दिशेनं मुसल्ला टाकून बघते. पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, जिथे तिच्या वडिलांनी सांगितलं होतं तिथेच. जुलैचा मुहूर्त कोकणाला असून नसल्यासारखा. त्या दिवशी काबाच्या माथ्यावर सूर्य असतो आणि आमच्या माथ्यावर छत्री.

एवढा काटेकोरपणा करणारी माणसं वेळ आली की सैलही होतात. २००७ साली रमजानातच मलेशियाचा अंतराळवीर शेख मुजफ्फर शुकूर अंतराळ स्थानकात गेला. तिथे दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो. म्हणजे नमाज ऐंशी? मलेशियाच्या उलेमांनी त्याच्यासाठी पुस्तिकाच काढली. वेळा, जिथून उड्डाण झालं त्या बैकोनूरच्या धराव्या. तोंड काबाकडे करता आलं तर उत्तम, नाहीतर पृथ्वीकडे, तेही नाही तर जिकडे होईल तिकडे. दुबईच्या मुफ्तींनी २०११ साली बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना सांगितलं, की ऐंशीव्या मजल्याच्या वर सूर्य उशिरा मावळतो, तेव्हा इफ्तार दोन मिनिटं थांबून करा, दीडशेच्या वर तीन मिनिटं. आमचा दुबईचा चुलतभाऊ पाचव्या मजल्यावर राहतो. आपल्याला या फतव्याची गरज पडत नाही याची खंत त्यानं ग्रुपवर व्यक्त केली होती.

खिशातल्या यंत्राविषयी मला खरा धक्का बसला तो २०२० च्या नोव्हेंबरात. मुस्लिम प्रो हे सिंगापूरच्या कंपनीचं नमाजचं ॲप तोवर जवळपास दहा कोटी वेळा उतरवून घेतलं गेलं होतं. त्यावरून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीला मिळते आणि ती पुढे अमेरिकी लष्करापर्यंत पोचू शकते, असं मदरबोर्ड या संकेतस्थळानं उघड केलं. कंपनीनं मग ते संबंध तोडल्याचं जाहीर केलं. आमच्या दोन्ही खांद्यांवर दोन फरिश्ते बसून चांगल्यावाईट कर्मांची नोंद करतात, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. कुणीतरी टिपून घेतंय या भावनेची सवय आहे. पण त्या दोघांनी वही कुणाला विकल्याचं ऐकिवात नाही.

अजानही आता खिशातल्या यंत्राकडे वळत चालली आहे. १९३०च्या आगेमागे लाउडस्पीकर आला तेव्हा नमाजमध्ये तो चालेल की नाही यावर उलेमांत मोठा वाद होता. यंत्रातून येणारा आवाज इमामाचा मानायचा की यंत्राचा? वाद मिटला, भोंगे चढले, आणि मग भोंग्यांचाच वाद झाला. २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांनी भोंग्यांबाबत कडक धोरण घेतलं तेव्हा माहीमच्या जुमा मशिदीनं तामिळनाडूतल्या एका कंपनीचं ॲप घेतलं. मुअज्जिन मशिदीत अजान देतो आणि ती थेट घरोघरच्या फोनवर वाजते. आवाज आभाळातून उतरून उशाशी आला. फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजच्या वेळी फोन बंद करून पुन्हा झोपता येतं, ही त्यातली सोय मी कुठल्याही मौलानांना सांगितलेली नाही.

फुफी हजला जाऊन आली त्याला फार वर्षं झाली. आता गुडघे दुखतात, त्यामुळे ती मक्केचं थेट प्रक्षेपण लावून बसते. चोवीस तास चालतं ते. काबाभोवती पांढरा प्रवाह फिरत असतो आणि फुफी भाजी निवडत असते. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ उमऱ्याला गेला. तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्या, उरकल्यावर त्यानं तिथूनच फोन लावला. ‘‘फुफी, टीव्ही लाव. हिरव्या दिव्याच्या बाजूला बघ, मी हात हलवतोय.’’ हजारो माणसं, सगळे पुरुष दोन पांढऱ्या वस्त्रांत, कॅमेरा आभाळाएवढ्या उंचीवर. मी तिथेच बसलो होतो. मला तांदळाएवढी माणसंसुद्धा नीट दिसत नव्हती.

फुफीनं चष्मा पुसला, पुढे वाकली, आणि अर्ध्या मिनिटात तिला तो सापडला.

‘‘दिसलास रे, दिसलास! पण वाळलास किती. जेवतोस की नाही तिथे?’’

भाचीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांवर तोच प्रश्न होता. मी तिला डोळ्यांनी दटावलं.